सरांच्या देखत

टाच उचलायची की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोडवायला खिमकडे फक्त श्वासभर वेळ होता.

गोल्फच्या मैदानात पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, ती उभी होती. समोर चेंडू, हातात क्लब, आणि चार पावलांवर तावोन सर. पांढरी टोपी, टोपीवरून हनुवटीखाली बांधलेला रुमाल, खांद्यावर तिची क्लबांची पिशवी, आणि डोळे थेट तिच्या डाव्या पायावर. अकरा वर्षं ते डोळे तिथेच होते. खिमनं क्लब मागे नेला, टाच आपोआप वर आली, क्लब पार डोक्यामागे जाऊन थांबला, सरांनी शिकवलेला तो एक श्वास झाला, आणि मग सगळं खाली आलं. चेंडू उजवीकडे निघाला तो निघालाच. ताडांच्या गर्दीत कुठेतरी टॉक् असा आवाज झाला आणि दोन बगळे उडाले.

"वर छान थांबलीस," सर म्हणाले.

"हो सर," खिम म्हणाली. आणि मनात म्हणाली, गेलं कार्ड.

शेवटचा दिवस होता तो. व्यावसायिक दौऱ्याच्या पात्रता परीक्षेचा चौथा आणि शेवटचा दिवस. देशभरातून मुली आलेल्या, वरच्या तिसांना दौऱ्यावर खेळायचं कार्ड, बाकीच्यांनी पुढच्या वर्षी या. पण खिमला पुढचं वर्ष नव्हतं. घरात ठरलेलं होतं की अठरापर्यंत ज्युनियर खेळायचं, मग एकदाच ही परीक्षा द्यायची, आणि नाही जमलं तर फेच्चबुरीला परत, आईच्या मोकेंग मिठाईच्या दुकानात भट्टीपुढे. आई दुष्ट नव्हती हो! उलट तिनंच तर खिमच्या सगळ्या ज्युनियर स्पर्धा पिकअपच्या मागच्या फळीवर बसून काढल्या होत्या, ऊन म्हणू नका, धूळ म्हणू नका. पण भट्टीपुढे एकटीनं उभं राहून तिची कंबर गेली होती.

तीन दिवस झाले होते आणि खिम पन्नासाव्या नंबराच्या आसपास लटकत होती. का? तर त्या टाचेपायी!

म्हणजे झालं होतं असं, की खिमकडे क्लब फिरवायचे स्विंग दोन होते.

पहिला सरांचा. तावोन सर नगरपालिकेच्या शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाले, घरी बसवेना, म्हणून शाळेमागच्या भातखाचराच्या कडेला बांबू रोवून त्यांनी जाळी लावली, इकडून तिकडून जुने चेंडू जमवले आणि येईल त्या पोराला गोल्फ शिकवायला लागले. खिम तेव्हा आठ वर्षांची, काडीसारखी, क्लब तिच्यापेक्षा जड. सरांनी करवतीनं तो कापून आखूड केला आणि म्हणाले, "टाच उचल. सगळं अंग मागे ने. वर जाऊन थांब, एक श्वास घे, मग सोड." पोरीनं सोडला आणि चेंडू जाळीवरून पलीकडे भातात! सर चिखलात उतरून स्वतः शोधून घेऊन आले, गुडघ्यापर्यंत माखलेले, आणि हसतायत असे की जणू त्यांनीच मारला होता.

त्याच स्विंगनं तिनं आधी गावचे, मग प्रांताचे ज्युनियर चषक घरी आणले. दरवर्षी गुरुवंदनेच्या गुरुवारी ती सरांपुढे तबक ठेवायची, हरळी, वांग्याची फुलं, सगळं यथासांग, आणि सर दरवर्षी हरळीची काडी उचलून म्हणायचे, "इथे पाया पडतेस आणि मैदानावर हिचेच लचके तोडतेस!"

मग खिम सोळाची झाली. सटासट उंच झाली, अंगात जोर आला, आणि तोच स्विंग सैल पडला. चेंडू कधी डावीकडे, कधी उजवीकडे, त्याच्या मनाला येईल तिकडे. एका स्पर्धेत आर्मदादानं तिला पाहिलं. आर्मदादा बँकॉकचा कोच, तिशीतला, मोठा गुणी माणूस. म्हणाला, "हात सोन्याचे आहेत तुझे, पण ती टाच जमिनीवर ठेव बाई!" झालं, शनिवार-रविवार बँकॉक सुरू. टाच रोवलेली, क्लब खांद्यापर्यंतच, वर थांबणं वगैरे काही नाही. सहा महिन्यांत चेंडू दोरीवरून चालल्यासारखा सरळ जायला लागला.

आता हे सरांना सांगायचं.

मायलेकी मोकेंगचा मोठा ट्रे आणि केळ्यांचा घड घेऊन सरांच्या घरी गेल्या.

"गुडघा कसा आहे सर?" आई म्हणाली.

"आहे अजून."

"ऊन फार झालंय ना यंदा."

"झालंय खरं."

"आंबेसुद्धा लवकर आले."

"आलेत."

आईनं खिमकडे पाहिलं. खिमनं केळ्यांकडे पाहिलं. तेवढ्यात सरांनी मोकेंगचा तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. "प्रांताचा चषक मिळाला म्हणून ना हे? मला माहीतच होतं तुम्ही येणार. ऐक पोरी, तू मोठ्या परीक्षेला बसशील ना, तेव्हा पिशवी मी उचलणार. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. कबूल?"

"कबूल सर," खिम म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

वाटेत आई म्हणाली, "तू का नाही बोललीस?"

"तू का नाही बोललीस?"

"मी आंब्यांपर्यंत आणलं होतं की! पुढचं तू बोलायचं."

आर्मदादाला हे कळल्यावर तो पोट धरून हसला. म्हणाला, एवढंच ना, मी येतो, गुरूच्या पाया पडून तुला मागून घेतो. आला. फळांची टोपली घेऊन आला, सरांपुढे पाय दुमडून बसला, सरांनी त्याला भात आणि तळलेली मासळी वाढली, गप्पा रंगल्या, आणि आर्मदादा टोपली ठेवून, तीन-तीनदा वाकून परत निघाला. गाडीत बसताना खिमला म्हणतो, "अगं कसं बोलणार? किती चांगला माणूस आहे!"

मग ते तसंच राहिलं. शनिवार-रविवार टाच खाली, सोमवारी सरांच्या जाळीत टाच वर. आर्मदादा दर आठवड्याला डोकं धरून बसायचा, "सोमवारी तुला कोण झपाटतं गं?" ज्युनियर स्पर्धांत निभावलं, कारण तिथे आपली पिशवी आपण उचलायची, आणि सर दोरीपलीकडे लांब उभे. तिथून त्यांना टाच दिसत नाही, असं खिम धरून चालली होती. मोठ्या परीक्षेत मात्र पिशवी उचलणारा कॅडी बरोबर असतो. चार पावलांवर.

आदल्या संध्याकाळी तिघं रस्त्याकडेच्या खानावळीत जेवायला बसली होती. सर हात धुवायला मागे गेले तशी आई कुजबुजली, "आज मी सांगतेच त्यांना."

"नको आई."

"अगं उद्या शेवटचा दिवस! मैदानाच्या दारातल्या देवाला मी शंभर उकडलेली अंडी बोललेय. पण तू टाचच उचलत बसलीस तर देव तरी काय करणार?"

"या वयात ते गुडघा बांधून माझी पिशवी वाहतायत. आणि त्यांना सांगायचं की तुम्ही शिकवलेलं मी केव्हाच टाकून दिलंय? माझ्याच्यानं नाही होणार. कार्ड गेलं तर गेलं."

सर हात पुसत आले. बसले. दोघींकडे एकेकदा पाहिलं आणि म्हणाले, "तिखट आहे आज." त्यांच्या ताटात नुसता भात होता.

आणि आता हा शेवटचा दिवस, आणि पहिल्याच होलवर दोन फटके वाया.

दुसऱ्या होलवर सरांनी क्लब काढला, मूठ फडक्यानं पुसून तिच्या हातात दिला. मग पिशवी खाली टेकवली, आठ-दहा पावलं लांब गेले, आणि पाठ केली. तिच्याकडे पाठ, मैदानाकडे पाठ, तोंड कुंपणापलीकडच्या उसाकडे.

खिमला वाटलं रुमाल बांधतायत. ती थांबली. सर हलेनात.

"सर?"

"मार तू. मी ऊस बघतोय."

"ए खिम, मार की!" ऑय ओरडली. ऑय म्हणजे चोनबुरीची, ज्युनियरपासूनची खिमची वैरीण आणि मैत्रीणही. दोघींना एकत्र खेळायला लागलं होतं, आणि ऑयची पिशवी तिचे बाबा उचलत होते.

खिमनं क्लब मागे नेला. तिच्या पायाकडे बघणारं कुणीच नव्हतं. टाच जमिनीवरच राहिली. फाट्! चेंडू सरळ, थेट हिरवळीच्या मधोमध.

सर पाठमोरेच. म्हणाले, "आवाज बरा आला."

तिसऱ्या होलवर त्यांना तळं बघायचं होतं. चौथ्यावर ढग. पाचव्यावर बुटाची नाडी, जी सुटलेलीच नव्हती. आणि चेंडू आपले सरळ चाललेत, एकामागून एक, फाट् फाट्!

ऑयचे बाबा बोलघेवडे, त्यांना किती वेळ राहवणार? "काय सर, पोरीवर रुसलात की काय? अहो कॅडीनं चेंडू बघायचा असतो!"

"तुम्ही बघताय की," सर म्हणाले. "दोघांनी बघून काय तो जास्त लांब जाणारे?"

ऑय फिदीफिदी हसली. "खिम, तुझे सर मला दे ना. माझे बाबा घे. डोळे वटारून बघतात आणि वर ओरडतात."

खिम हसली खरी, पण तिच्या डोक्यात काहीतरी टोचत होतं. भोकाभोवतीच्या ग्रीनवर ती छोटे फटके मारायची, तेव्हा सर समोरच असायचे, डोळे बारीक करून, उतार बघत, बोटानं दाखवत. लांबचा फटका आला की पाठ. जिथे टाच हलणारच नाही तिथे बघायचं, जिथे हलू शकते तिथे नाही. सातव्या होलवर तिच्या लक्षात आलं, सरांना टाचेचं सगळं माहीत आहे.

पुढच्या टीकडे चालताना ती म्हणाली, "सर, तुम्हाला कधीपासून…"

"पाणी पी."

ती प्यायली. सर पुढे चालत होते, गुडघ्यावर जरा लंगडत.

"तो मुलगा आला होता ना फळं घेऊन," सर म्हणाले. "काहीतरी न्यायला आलेला माणूसच इतका गोड वागतो. मी वाट बघत होतो, आता मागेल, मग मागेल. भात संपला, मासे संपले, मागेचना!"

"मग तुम्हीच का नाही विचारलंत?"

"मी कसं विचारणार? एवढ्या लांबून आला होता बिचारा. अवघडला असता."

"आणि मी… मी दर सोमवारी टाच उचलून…"

"काय भयाण मारायचीस गं सोमवारी!" सर म्हणाले आणि स्वतःशीच हसले. मग, तिच्याकडे न बघता, म्हणाले, "बोललो असतो तर तुझं सोमवारचं येणं राहिलं असतं. म्हटलं, असू दे. मारतेय तर मारू दे."

खिमला रडायचं होतं, पण टी आली. सरांनी क्लब पुसून दिला आणि एका वारुळाकडे तोंड करून उभे राहिले.

त्यानंतर ती जी खेळली! म्हणजे अगदी चमत्कार वगैरे नाही, एकदा वाळूत गेली, एकदा अगदी भोकाच्या ओठावरून चेंडू फिरून बाहेर आला. पण प्रत्येक होलला कुणीतरी मागे पडत होतं आणि ती वर सरकत होती. दोरीपलीकडून आई बोटांनी खुणा करत होती, त्या कुणाला कळत नव्हत्या, बहुतेक तिलाही नाही. शेवटच्या होलवर ऑयच्या बाबांनी फोनवर तक्ता बघितला आणि स्वतःची पोर बाहेर गेली होती तरी आधी खिमला येऊन सांगितलं, "ऐक बाळा. इथे चार फटके आले तर तू आत. पाच आले तर बाहेर. घाई करू नकोस."

पहिला फटका छान पडला. दुसऱ्याला समोर तळं, तळ्यापलीकडे ग्रीन. सरांनी सात नंबरचा क्लब काढला, पुसला, दिला, आणि लांब जाऊन पाठ केली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. गुणफलकाची मागची बाजू होती, रंग न दिलेलं प्लायवूड. सर ते बघत उभे राहिले.

खिमनं चेंडूमागे पाय ठेवले. मान वळवून एकदा सरांकडे पाहिलं. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, आणि पाठीवर पट्ट्याचा तिरका वळ, तिच्या पिशवीचा. तिनं क्लब खाली केला. उद्यापासून लोक आपल्याला व्यावसायिक म्हणणार, आणि ज्यानं पहिला क्लब कापून हातात दिला तो माणूस हे होताना प्लायवूड बघणार?

चेंडू तसाच सोडून ती सरांकडे चालत गेली.

"सर."

"अगं मार की. वेळ जातोय."

"तुम्ही बघा."

"चेंडू ऑयचे बाबा बघतायत."

"चेंडू नको. मला बघा."

सर वळले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "खुळी आहेस का? माझ्या देखत टाच उचलशील तू. अंगातच आहे ते. आज नको. चार हवेत आज."

"उचलली तर उचलली."

"आईच्या कंबरेचा विचार कर."

"सगळ्यांचा केला सर. तुमच्या पाठीला दाखवून मिळालेलं कार्ड नकोय मला."

"ए खिम!" ऑय ओरडली. "लग्न लावतेस का तिथे? मार ना बाई!"

खिम परत चेंडूपाशी आली. क्लब धरला. वर बघितलं नाही, पण वाळकं गवत मोडल्याचा आवाज आला आणि तिला कळलं, सर वळलेत. डोळे कुठे आहेत तेही कळलं. डाव्या टाचेवर ते डोळे उन्हासारखे जाणवत होते. तिनं क्लब मागे न्यायला सुरुवात केली आणि टाच उचलायला लागली. हो, खरंच! अकरा वर्षांची सवय खालून ढकलत होती, उचल, उचल, सर बघतायत. बूट किंचित हलला. खिमनं दात आवळले, पाय मातीत पेरल्यासारखा दाबला, आणि फिरली.

फाट्.

चेंडू तळ्यावरून गेला. फार सुंदर वगैरे नाही गेला, जरा बुटकाच गेला, पण गेला, काठावर पडला, उडी मारून ग्रीनच्या कडेला चढला आणि तिथेच बसला. खिम वळली. सर चेंडू बघतच नव्हते. ते अजून तिच्या पायाशी बघत होते, जिथे टाचेनं गवतात खळगा पाडला होता.

"असं आहे होय," ते म्हणाले.

मग दोन हलके फटके. पहिला भोकापासून हातभर लांब थांबला. दुसऱ्याच्या वेळी सर खिमपेक्षा खाली वाकून उतार बघत होते, एक हात दुखऱ्या गुडघ्यावर. चेंडू आत पडला. चार. दोरीपलीकडून आईनं जी किंकाळी फोडली ती बगळ्यांनीही ऐकली असणार. ऑयनं येऊन खिमला कडकडून मिठी मारली, म्हणाली, "मेली! पुढच्या वर्षी मी येते, तोवर जागा धरून ठेव," आणि मग थोडी रडली, तिच्या खांद्यावरच.

सह्या झाल्या, फोटो झाले. आई अंडी उकडायला कुठे चूल मिळते ते शोधत पळाली. खिम मागच्या आवारात गेली, तर सर पिकअपच्या फळीवर बसून गुडघ्याची पट्टी सोडत होते.

"पुढच्या वेळेपासून पिशवी कुणा तरण्याला दे," ते म्हणाले.

"सर…"

"गुडघा नाही म्हणतो गं. आणि तिथे मोठ्या मैदानांवर कॅडी असा पाठ करून उभा राहिला, तर हाकलून देतील मला." हसले. मग म्हणाले, "त्या आर्मला सांग, भात खायला ये म्हणावं. या वेळी माग म्हणावं, मी देतो."

खिमनं हात जोडले, डोकं खाली घातलं, तर सर म्हणाले, "ते राहू दे. तो सात नंबर काढ."

"कशाला?"

"सोमवारी शिकवायचंय मला. दोन पोरी नवीन आल्यात, उंच आहेत दोघी, तू आलीस तेव्हा होतीस तशा एवढ्याशा नाहीत. त्यांना माझं नाही चालायचं. दाखव मला ती टाच."

सर फळीवरून उतरले, मुरमावर उभे राहिले, क्लब धरला आणि मागे नेला. टाच लगेच वर!

"गेली ना?"

"गेली सर."

"परत." परत गेली. सर वैतागले. "छे! ही ऐकतच नाही."

मग खिम तिथेच मुरमात बसली. तिनं दोन्ही हातांनी सरांचा डावा पाय धरला, मळका कॅनव्हासचा बूट, त्यातून लागणारं हाड, आणि टाच जमिनीला टेकवून ठेवली.

"आता फिरा सर," ती म्हणाली. "सावकाश."

सर सावकाश फिरले.